उलट बाजूची तीट

आमच्या बालाघाटच्या घरातल्या सोफ्याचा खरा रंग कोणता, हे मला लग्न होऊन सासरी जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. सोफा होता, रोज त्यावर बसत होतो, पण त्याचं अंग कुणी पाहिलेलं नव्हतं. पाठीवर मोरांचं भरतकाम, हातांवर क्रोशाच्या जाळ्या, बैठकीवर लोकरीचे चौकोन जोडून केलेली चादर, आणि हे सगळं मळू नये म्हणून वरून आईची एक जुनी नायलॉनची साडी. घरच्या माणसांनी साडीवर बसायचं आणि पाहुण्यांनी मोरांवर, असा नियम होता.

सोफ्याचं काय घेऊन बसलात, आमच्या घरात उघडं असं काही नव्हतंच. फ्रिजला झालरीचा फ्रॉक होता. त्याच्या मुठीला लोकरीचा हातमोजा होता, त्यामुळे हात सटकायचा आणि दार दुसऱ्या झटक्याला उघडायचं. टीव्हीवर दोन पोपटांचा पडदा होता, बातम्या लागल्या की बाबा पोपट उचलून मागे टाकायचे. गॅसच्या सिलिंडरला घागरा होता आणि सिलिंडर बदलायला येणारा माणूस दर खेपेला तो घागरा दोन बोटांत धरून, मान वळवून, आईच्या हातात द्यायचा. लाकडी खुर्च्यांच्या पायांत लोकरीचे मोजे होते. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. ओरखडे पडले नाहीत, माणसं मात्र पडली. एका हिवाळ्यात बाबांनी आपलं मरून रंगाचं स्वेटर कुठं गेलं म्हणून सगळ्या पेट्या उपसल्या, तेव्हा ते उसवून त्याचे दोन खुर्च्यांना मोजे आणि फ्रिजच्या मुठीला हातमोजा झाल्याचं उघडकीस आलं. "या घरात खुर्च्यायले थंडी वाजते, मले नाई वाजत," एवढंच ते म्हणाले आणि शाल पांघरून बसले.

हे सगळं करणारी माझी मोठी बहीण. मी तिला ताई म्हणते. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी तिला चार टाके शिकवले, पुढचे तिनंच शोधून काढले. खिडकीशी बसायची, मांडीवर भरतकामाची रिंग, तोंडात दोरा. बोलायची कमी. पण बोलली की असं एक वाक्य बोलायची की आपण आठवडाभर त्याचं उत्तर शोधत बसावं. तिच्या कामाची उलट बाजू सरळ बाजूइतकीच साफ असे, कुठे गाठ नाही, लोंबता धागा नाही. आणि काम संपलं की त्या साफ उलट बाजूला, एका कोपऱ्यात, ती काळ्या दोऱ्याचा एक बारका टाका घालायची. तीळभर. मी एकदा विचारलं, हे काय? म्हणाली, "तीट आहे. लेकराच्या गालाले लावते नाई का, नजर लागू नये म्हणून." मला हसू आलं होतं. उशीच्या अभ्र्याला कोण नजर लावणार? पण मोर असो की सिलिंडरचा घागरा, तीट लावल्याशिवाय ती सुई खोक्यात ठेवायची नाही.

आता या सगळ्या पसाऱ्याचं खरं काम काय होतं तेही सांगते. आमच्याकडे पोरगी पाहायला आलेली माणसं पोरीला दहा मिनिटं पाहतात आणि बाकीचा वेळ बैठक पाहतात. पोहे येईपर्यंत मुलाची आई सोफ्याच्या पाठीवरून बोट फिरवते आणि विचारते, "हे कोणं केलं?" त्यावर पोरीच्या आईनं पापणी न हलवता म्हणायचं, "आमच्या पोरीनंच." मग पोरीनं खाली पाहायचं. असं ठरलेलंच आहे. कुणी सुई आणून देत नाही, कुणी टाका घालून दाखव म्हणत नाही. तेव्हा ज्यांच्या पोरींना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, त्यांच्या आया आदल्या दिवशी आमच्या दारात उभ्या. "दोन दिवसांसाठी मोर दे ना वं." ताई इस्त्री करून, घडी घालून, गाठोडं बांधून द्यायची. म्हणायची, "वरून साडी टाकून ठेवजा." तिच्या मोरांनी आणि गुलाबांनी अख्ख्या मोहल्ल्यातल्या पोरी उजवल्या. एका घरी तर मोर उलटे टांगले होते, पाय वर, तरी लग्न जमलं.

ताईचं जमत नव्हतं. एक तर ती सावळी, आणि दुसरं म्हणजे तिला खाली पाहता यायचं नाही. एका मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाक येते का?" ताई म्हणाली, "येते. तुमच्या पोराले येते का?" ती मंडळी चहा न घेताच उठली. आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून भाजी चिरत होती.

मग हट्टा गावातल्या एका लग्नात कुणीतरी मला पाहिलं आणि उकव्याहून माझ्यासाठी विचारणा आली. मुलगा खाणीत नोकरीला, सासऱ्यांचीही सगळी नोकरी खाणीतच गेलेली, राहायला क्वार्टर. मोठी बसली असताना धाकटीचं कसं करायचं, म्हणून आईनं दोन दिवस डोक्याला हात लावला. तिसऱ्या दिवशी हात काढला आणि म्हणाली, "जिचं जमते तिचं जमू द्या."

मी कशी होते ते सांगायला हवं. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आजही येत नाही, म्हणजे तीनदा थुंकी लावून येतो. माझ्या हातची उसवण जास्त चांगली. आणि अशा माझ्यासाठी ताईनं स्वतः सोफ्यावरची साडी काढली, मोर झटकले, जाळ्या सरळ केल्या, खुर्च्यांचे मोजे वर ओढले. सासूबाई आल्या. बसल्या. मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. "हे कोणं केलं?"

"हिनंच," आई म्हणाली.

मी खाली पाहिलं. मला चांगलं जमतं ते. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. तिनं बशी पुढे केली आणि म्हणाली, "घ्या ना."

मंडळी गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, पण माफी कशी मागायची ते सुचेना. तिला कळलं. हसून म्हणाली, "मोहल्ल्यातल्या साऱ्या पोट्टीयले देल्ले मोर, तुले काहून नाई देऊ?" आणि खरंच तिच्या मनात काही नव्हतं. ते हसणं मी ओळखत होते. लग्न ठरलं.

साखरपुड्याला सासरकडून बरीच मंडळी आली. त्यात सासूबाईंच्या मावसबहिणीचा मुलगा होता, परसवाड्याचा, बियाण्यांचं दुकान चालवायचा. तो आमच्या लाकडी खुर्चीवर बसला, खुर्ची मोज्यांवरून घसरली आणि तो पेढ्याच्या ताटासकट खाली. सगळे धावले. तो उठला, खुर्ची उलटी करून पाय पाहिले आणि विचारलं, "हे मोजे कोणं घातले हिले? माप कसं घेतलं?" ताई म्हणाली, "पाय वर करून." तो हसला. ताईही हसली, तोंडावर हात न ठेवता. दुसऱ्या दिवशी वाटाणे सोलता सोलता तिनं हे मला पुन्हा सांगितलं. मी तिथेच होते, मला ठाऊक होतं, तरी तिनं पहिल्यापासून सांगितलं. माझी बहीण एक गोष्ट दोनदा सांगत नाही. मी म्हटलं, "आवडला वाटते?" ती म्हणाली, "वाटाणे सोल." पण तिचे कान तांबडे झाले होते.

आणि नशीब पाहा, महिनाभरात सासूबाईंचाच निरोप आला. परसवाड्याच्या मुलाला थोरली पसंत आहे, त्याच्या आईनं एकदा रीतसर पाहिलं की झालं. आम्ही सगळे हवेत. ताईनं त्या आठवड्यात एकही टाका घातला नाही, नुसती रिंग मांडीवर घेऊन बसायची. पहिल्यांदाच तिला काहीतरी हवं होतं, आणि ते लपवायचं कसं हे तिला येत नव्हतं.

पाहुणे यायच्या सकाळी आईच्या लक्षात आलं की सोफ्यावर मोर आहेत. हेच मोर सासूबाईंना माझे म्हणून दाखवलेले, आणि मध्यस्थ म्हणून सासूबाई तर येणारच. गुलाबांचा दुसरा जोड होता, पण तो कोपऱ्यावरच्या घरी गेलेला. त्यांच्याकडेही त्याच दिवशी पोरगी पाहायला येणार होते. आईनं निरोप पाठवला, तिकडून उत्तर आलं की मंडळी बसलेली आहेत, गुलाब आता निघत नाहीत. आई म्हणाली, "राहू दे मोर. कोण ध्यान देते." उघडा सोफा दाखवावा हे काही कुणाला सुचलं नाही. सोफा उघडा ठेवणं म्हणजे आमच्या घरी पाहुण्यांसमोर बनियनवर येणं.

मंडळी आली. मुलगा आला, तो खुर्चीवर बसण्याआधी वाकून खुर्चीचे मोजे पाहून ताईकडे बघून हसला. त्याची आई सोफ्यावर बसली, शेजारी सासूबाई. मी दाराशी. पोहे झाले. मग मुलाच्या आईनं मोराच्या मानेवरून बोट फिरवलं, सगळ्याच फिरवतात, आणि ताईला सरळ विचारलं, "हे मोर तू काढले?"

"हौ," ताई म्हणाली.

"नाई वो," सासूबाई म्हणाल्या. "हे त माह्या सुनेनं काढले. मागच्या खेपेले इथंच पाह्यले मी. इथंच सांगतलं मले."

आई माझ्याकडे पाहू लागली. सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या, कपाटावर गठ्ठा होता. ताईनंही माझ्याकडे पाहिलं. तिला काही फार करायचं नव्हतं. मोरांचं कापड उलटं करून ती काळी तीट दाखवली असती, मागच्या खोलीतल्या चार कापडांवरची तीच तीट दाखवली असती, की संपलं असतं. तिनं तसं केलं नाही. ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.

मी म्हटलं, "हौ. मीच काढले."

आईनं सावरायला घेतलं, "तसं थोडं थोडं दोघींनंही..." पण मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली होती. "मंग ही 'हौ' काहून म्हणली?" याचं उत्तर आमच्या घरात एकाच माणसाकडे होतं, माझ्याकडे, आणि मी म्हटलं, "चहा थंडा होऊन राह्यला." ताईनं कप गोळा केले आणि आत गेली. मुलगा खुर्चीच्या मोज्यांकडे पाहत बसला. त्यानं तोंड उघडलं नाही. पाहायला गेलं तर तोही माझ्यासारखाच.

चार दिवसांनी निरोप आला की पोरगी खोटं बोलते, धाकट्या बहिणीची कला आपली म्हणून सांगते, अशी नको. आमच्या मोहल्ल्यात त्या मोरांसमोर जितक्या पोरी खोटं बोलल्या, त्या सगळ्या आज आपापल्या घरी नांदताहेत, पोराबाळांच्या आहेत, सत्संगाला जातात. खरं बोलली ती एकटी ताई, आणि खोटारडी म्हणून तीच गेली. मला वाटत होतं तिनं मला झोडावं, निदान शिव्या द्याव्यात. तिनं माझ्या रुखवतासाठी मॅटीचं, भरतकामाचं जाड कापड आणलं आणि मोरांचा नवा जोड काढायला बसली, कारण सासूबाईंनी सांगून पाठवलं होतं की तसेच मोर आम्हालेही पाहिजेत. "माप सांग," एवढंच ती माझ्याशी बोलली. त्यानंतर ती कुणासमोर पोहे घेऊन उभी राहिली नाही. आईनं खूप सांगून पाहिलं. ताई म्हणायची, "मले खाली पाहता नाई येत." तो परसवाड्याचा पुढं कुणाशीतरी लग्न करून मोकळा झाला. तिच्याकडे म्हणे क्रोशाचं लय छान काम होतं. कुणाचं होतं देव जाणे.

उकव्याला खाणीची काळी धूळ असते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. अशा गावात पांढऱ्या मॅटीवर मोर काढून टीव्हीवर घालायचे म्हणजे रोज धुवायचे, पण सासूबाईंना ते मान्य होतं. शेजारणी आल्या की त्या एकेक कव्हर हाताळून दाखवायच्या. "सब बहू के हाथ का है." शेजारणी माझे हात पाहायच्या. मी पदरात घ्यायचे.

आणि मग फर्माइशी सुरू झाल्या. कूलरला पडदा, इन्व्हर्टरला टोपी, कपडे धुवायच्या मशीनला अंगरखा, मामेसासऱ्यांच्या नव्या दिवाणाला लोकरीच्या गोंड्यांची चादर. आधी मी सुतळीला गाठी मारून माप घ्यायचे आणि फोनवरून गाठी मोजून सांगायचे. पुढे मोबाइल आला, फोटो पाठवू लागले. ताई पार्सल बालाघाटच्या बसनं पाठवायची. बसस्टॉपवर जाताना घरात सांगायचं, आईनं माझी दवाई पाठवली. एवढी दवाई खाऊन मी कधी बरी कशी होत नाही, हे सासूबाईंनी विचारलं नाही, कारण कव्हरं वेळेवर मिळत होती. घरात मी रिंग घेऊन बसत असे. रिंगेत एक रुमाल, रुमालावर अर्धा गुलाब. सासूबाई समोर असल्या की एकाच भोकातून सुई आत घालायची आणि त्याच भोकातून बाहेर काढायची. त्या अर्ध्या गुलाबावर मी तेरा-चौदा वर्षं काढली. कॉलनीतल्या गणपतीत भरतकामाची स्पर्धा झाली तेव्हा परीक्षक म्हणून मला बसवलं. मी काय केलं असेल? प्रत्येक कापड उचललं, उलटं केलं, मागची बाजू बारीक पाहिली आणि मान हलवली. ताई तसं करायची. बायका एकमेकींना म्हणाल्या, बाप्पा, नजर पाहा हिची. घरी येऊन मात्र मी माझ्या एकाही कव्हराची मागची बाजू कधी पाहिली नाही. सासूबाई धुवायच्या, मी वाळत घालायचे, सरळ बाजू आत की बाहेर हेही पाहत नसे.

यंदा सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना पाहायला ताई उकव्याला आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबा गेल्यापासून ती आणि आई दोघीच असतात, ताई घरी पोरींना शिलाई शिकवते. ती आली, संत्र्यांची पिशवी ठेवली आणि सोफ्यावर टेकली. पाठीमागे मोर. कॉलनीतल्या दोन बायकाही बसल्या होत्या. सासूबाई काळा चष्मा लावून दिवाणावर होत्या. त्यांनी ताईला विचारलं, काय करतेस आता. ताई म्हणाली, शिलाईचा क्लास घेते.

"ब्लाउज शिवणं वेगळं," सासूबाई म्हणाल्या. "कला वेगळी. बहिणीजवळून थोडं शिकून घेतलं असतं तुनं, त बरं झालं असतं."

ताईनं चहाचा घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. मला कसला तरी झटका आला असावा. मी म्हटलं, "हे सारं ताईनं केलं आहे. मी नाई. एकूण एक. ते मोरही आणि आधीचे मोरही. मले टाकासुद्धा येत नाई."

मग सासूबाई हसल्या. शेजारणींकडे वळून म्हणाल्या, "देखो कितना बड़ा दिल है. बहीण एकटी आहे, तिले मोठेपण देऊन राह्यली."

"खरं सांगून राह्यली मी," मी म्हटलं. "ताई तू सांग."

"मी एकडाव सांगतलं होतं," ताई म्हणाली.

सासूबाईंना ते कळलं नाही. मला कळलं, आणि तेव्हाच मला तीट आठवली. मी म्हटलं, थांबा, दाखवते. तिच्या हरेक कामाच्या मागं काळा टाका असतो, माझ्या बहिणीची तीट. ताईच्या पाठीमागचे मोर मी ओढून काढले आणि उलटे केले. मागची बाजू आरशासारखी साफ. चारही कोपरे पाहिले. तीट नव्हती. मी टीव्हीवरचं काढलं. नव्हती. फ्रिजचा फ्रॉक काढला, मशीनचा अंगरखा, कूलरचा पडदा, इन्व्हर्टरची टोपी. जमिनीवर ढीग झाला, घर पहिल्यांदाच उघडं झालं, आणि मी खाली बसून एकेक कापड खिडकीच्या उजेडात धरून पाहत होते. एकावरही काळा टाका नव्हता. माझ्या रुखवतापासूनच्या कव्हरांत एकावरही नाही.

"बस कर वं," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "बहीण असावी त अशी." शेजारणींपैकी एकीचे डोळे भरून आले होते. माझी कबुली मान्य झाली नाही ती नाहीच, उलट त्या दिवसापासून कॉलनीत माझ्या कलेबरोबर माझ्या मोठ्या मनाचीही गोष्ट सांगतात.

ताईला बसपर्यंत सोडायला गेले. बैहरकडून गाडी यायला वेळ होता. मी विचारलं, "काहून नाई लावली तीट?"

ती बसची वाट पाहत रस्त्याकडेच पाहत होती. म्हणाली, "तीट आपल्या लेकराले लावते माणूस. ते तुह्ये होते ना? तूच म्हणली होती." त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मला राग परवडला असता. गाडी आली. पायरीवर चढून ती वळली आणि म्हणाली, "पुढचं माप पाठवजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काळा दोरा शोधला. तीनदा थुंकी लावून ओवला. मोरांचं कापड मांडीवर उलटं घेतलं आणि एका कोपऱ्यात एक टाका घालायला गेले. कापड दुमडलेलं आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. टाका सरळ बाजूला निघाला, मोराच्या मानेवर, चांगला गव्हाएवढा आणि वाकडा. ओढून काढायला गेले तर मोराचं रेशीमही त्याच्याबरोबर येऊ लागलं, म्हणून तसाच ठेवला आणि कव्हर सोफ्यावर घातलं.

सासूबाईंचा चष्मा उतरला त्या आठवड्यात शेजारीण आली होती. तिनं मानेवर बोट ठेवून विचारलं, ये काला क्या लगा है. मी आत चहा टाकत होते, मला सगळं ऐकू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "नजर ना लगे करके लगाया है. बहुत समझदार है हमारी बहू." त्या घरातल्या इतक्या भरतकामात माझ्या हातचा तेवढा एक टाका आहे, आणि त्याचंही कौतुकच झालं.